बादशाहभाईंची चार मिनिटं

आमच्या कॉलेजची पिवळी बस अंथुर्ण्याच्या फाट्यावर सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी येते आणि सात-दहाला सुटते. मधली चार मिनिटं ती नुसती उभी असते. सगळ्या पोरी चढून बसलेल्या असोत, रस्त्यावर चिटपाखरू नसो, बारामतीत परीक्षा सुरू व्हायची असो, बस हलत नाही. बादशाहभाई मुलाणी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आरशात मागचा रस्ता बघत बसतात.

मी बारामतीच्या त्या नर्सिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझं नाव स्वरूपा. राहायला अंथुर्ण्यातच असल्यामुळे पोरींबरोबर मीही याच बसनं जाते. स्वभावानं मी चौकस आहे. चौकस हा माझा शब्द; आमच्या घरात त्याला भोचक म्हणतात. एसटीत शेजारच्या बाईच्या पिशवीत कुठली भाजी आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा बाईच्या डोळ्यांसमोर रोज चार मिनिटं एक बस विनाकारण उभी राहते म्हणजे काय हाल होत असतील बघा.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, “बादशाहभाई, सगळ्या आल्यात की. निघायचं ना?”

“अजून वेळ झाली न्हाय, ताई.”

यापुढे एक शब्द नाही. दोन वर्षं मी वेगवेगळ्या वाटांनी विचारत राहिले आणि दोन वर्षं मला हेच उत्तर मिळालं.

दुसरी गंमत हजेरीची. कॉलेजात पोरींना नंबर आहेत. वर्गात एक, दोन, तीन असंच चालतं. बसमध्ये मात्र बादशाहभाई प्रत्येकीचं नाव लग्नपत्रिकेत छापतात तसं पूर्ण घेतात. “प्रगती नानासाहेब साबळे. सिमरन अय्याज तांबोळी.” पस्तीस पोरी, पस्तीस पूर्ण नावं, आणि हातात कागद नाही. पोरींना याचं भारी हसू यायचं. कुणीतरी मुद्दाम म्हणायची, “चाचा, चौतीस नंबर हजर!” तर ते गाडी बंद करायचे. “नंबर गाडीला असतो. तुला नाव हाय.”

आणि तिसरी ती वही. स्टिअरिंगजवळच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेली एक जुनी शंभरपानी वही असायची. एकदा बादशाहभाई हवा भरायला खाली उतरले आणि मी ती उघडली. हो, उघडली. आत त्यांच्या गोल अक्षरात नावं होती. लूझ विल्यानुएवा. मारिसेल संतोस. ग्लेंडा बाउतिस्ता. जोसेफिन आग्विलार, तिच्या नावापुढे फुलीसारखी छोटी खूण. अशी एकवीस नावं, सगळी मराठीत लिहिलेली. पण सगळ्यांत वर, पहिल्या ओळीवर, अर्धंच नाव होतं. रोवेना. पुढची जागा कोरी.

बादशाहभाई सतरा वर्षं सौदीत होते, दम्मामच्या बाजूला, एका हॉस्पिटलची बस चालवायला. नर्सना हॉस्टेलवरून आणायचं आणि सोडायचं. त्या नर्स बहुतेक फिलिपाईन्सच्या. कोरोनाची लाट ओसरली तसे ते इंदापूरला परत आले आणि आमच्या कॉलेजात लागले. शांत माणूस, पाच वेळच्या नमाजाचा, तंबाखूसुद्धा नाही. त्यांच्यामुळेच आमच्या भागातल्या कितीतरी पोरी बारामतीला शिकायला जाऊ शकल्या. माझ्या शेजारचे रामहरीतात्या साबळे, म्हणजे प्रगतीचे आजोबा, सगळ्यांना सांगायचे, “बादशाहच्या गाडीत पोरगी बसली की मला घरात बसल्यावानी वाटतं. त्या माणसाची नजर आन जीभ, दोन्ही ताब्यात हायत.”

जीभ ताब्यात होती, एक विषय सोडून. फिलिपिनो नर्सना कुणी नावं ठेवली की बादशाहभाई बदलायचे. परदेशात नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजन्सीचा माणूस आमच्याकडे भाषण द्यायला आला होता. म्हणाला, तिकडे स्पर्धा आहे ती फिलिपिनो पोरींची, पण तुम्ही घाबरू नका, आपल्या पोरी संस्कारी, त्या काय, आज याच्या गाडीत उद्या त्याच्या. पोरी खुदकन हसल्या. दारात उभ्या असलेल्या बादशाहभाईंनी विचारलं, “साहेब, तुमी त्यातल्या किती जणींना वळखता?” साहेबानं हसून विषय बदलला. बादशाहभाईंनी परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर प्राचार्या बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं.

आता यावर कॅन्टीनमध्ये चर्चा होणारच. कॅन्टीनच्या कुशाबाईंनी पोहे परतता परतता निकाल दिला, “तिकडं दुसरी बायको आसंल त्याची. त्यांच्यातलीच.” आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, “वहीत एक नाव आहे खरं. रोवेना.” एवढंच म्हटलं. पण कुशाबाईंच्या भुवया वर गेल्या आणि दोन दिवसांत ती रोवेना अख्ख्या कॉलेजात बादशाहभाईंची बायको झाली. आठवड्याभरात तिला एक मूलही झालं. मला आतून जरा टोचलं, पण खरं सांगायचं तर मजाही वाटली. दोन वर्षांच्या कोड्याला काहीतरी उत्तर मिळालं होतं.

मग आलं स्नेहसंमेलन. शनिवारची दुपार, मांडव, पुढच्या रांगांत पालक, मागे स्टाफ. तिसऱ्या वर्षाच्या पोरींनी एक विनोदी नाटुकलं बसवलं होतं, परदेशातल्या वॉर्डवरचं. ते आधी मी वाचलं होतं. शुद्धलेखन मीच तपासलं होतं. आणि तपासताना दोन ठिकाणी मोठ्यानं हसलेही होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यात प्रगती फिलिपिनो नर्स झाली होती. प्रगती हुशार, नक्कल करण्यात पटाईत. डोळे टेपनं ताणलेले, ओठांवर भडक लाली, नाकातून चिरकं बोलणं. पेशंट पाणी मागतोय आणि ही आरशात बघून केस नीट करतेय. मांडवात हशा. मग तिची एन्ट्री परत: पुठ्ठ्याची मोटार, आत खोटी दाढी लावलेली एक पोरगी, आणि त्या मोटारीतून प्रगती लचकत उतरते. हेड नर्स विचारते, “सिस्टर, तुमची बस चुकली का?” त्यावर प्रगती डोळा मारून म्हणते, “बसनं कोण येतंय?”

पुढच्या रांगेतल्या बाप्यांनी टाळ्या पिटल्या. रामहरीतात्यासुद्धा नातीचं कौतुक करत हसत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“प्रगती नानासाहेब साबळे. थांब, बाळ.”

बादशाहभाई खुर्च्यांमधून पुढे येत होते. मला वाटलं आता हे पोरीवर ओरडणार. ते स्टेजवर चढले नाहीत. खालीच उभे राहिले, पोरींकडे तोंड करून, पालकांकडे पाठ करून.

“तिची बस चुकली न्हवती,” ते म्हणाले. “बसच आधी सुटली हुती. मी सोडली.”

कुणाला काही कळेना. कुणीतरी हसलं, त्यांना वाटलं हेही नाटकातच आहे.

“सहा वाजता सुटायची गाडी मी सहाला चार मिनिटं कमी आसताना सोडली. हास्पिटलात झाड एकच हुतं, त्याच्या सावलीत एकच गाडी बसायची. दुसऱ्या डायवरच्या आधी ती जागा घ्यायची म्हनून. बारा नंबर राह्यली. आमी त्यांना नंबरनंच म्हनायचो, नावं बोलायला येत न्हवती, शिकायची गरजबी वाटली न्हाय. लॅबमधल्या एका मानसानं रस्त्यात बघून तिला गाडीत घेतलं, ड्यूटी चुकू नये म्हनून. त्या वक्ताला तितं परक्या मानसाच्या गाडीत बाई दिसली म्हंजी नोकरी गेली. सुपरवायझरनं मला बोलावलं. इचारलं, तुझी गाडी टायमावर सुटली का? मी म्हनलो, व्हय, सहाला.”

प्रगतीनं डोळ्याची एक टेप काढली होती, दुसरी तशीच होती.

“हितंवर भीतीनं बोललो असं म्हनता येईल. पन त्यानं पुढचं इचारलंच न्हवतं आन मी सांगितलं. म्हनलो, साहेब, तिचं रोजचंच हाय, ती त्याच्याच गाडीत फिरती. कशाला म्हनलो? आपल्याकडं कुठल्या पोरीचं नाव निघालं की आपुन आपल्या पदरचं एक घालतो, तसं घातलं. आठ दिवसात तिला मायदेशी लावून दिलं. तिच्या मागं दोन भाऊ शिकत हुते. मी त्या झाडाखाली गाडी लावत राह्यलो.”

मी खाली मान घातली. आपल्या पदरचं एक घालतो म्हणाले तेव्हा माझ्या कानात कुशाबाईंच्या कढईचा आवाज आला.

“तुमी आता नर्स व्हनार,” ते पोरींना म्हणाले. “कोरोनात आपल्याच कॉलेजच्या पोरींना घरमालकांनी खोल्या सोडायला लावल्या, इसरला का? फाट्यावर उभी राह्यलेली चार टाळकी तुमच्याबद्दल हेच बोलत्यात जे तू आत्ता बोललीस, बाळ. मला कळतंय, मी तितंच च्या पितो. ज्यांना तुमी हसताय त्यांनी माझा मुतखडा काढल्यावर माझी लघवीची भांडी उचलली. त्यांच्यातली एक कोरोनात वॉर्डात काम करता करता गेली. हसायचं तर मला हसा. खोटं बोलनारा मी हाय.”

आणि ते मागे जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. प्राचार्या बाई माईकवर येऊन म्हणाल्या की पुढचा कार्यक्रम लावणी. पण लावणीला कुणी शिट्टी मारली नाही.

कार्यक्रमानंतर पालकांचा घोळका ऑफिसात. मी रजिस्टर द्यायच्या निमित्तानं आत जाऊन आले, तेवढं मला जमतं. शब्द असे कानावर पडले: ज्यानं एका पोरीबद्दल खोटं बोलून तिला आयुष्यातून उठवलं त्याच्या ताब्यात आमच्या पोरी? उद्या आमच्या पोरींबद्दल काही बोलला तर? बाईंनी बादशाहभाईंना बोलावून स्पष्ट सांगितलं, “सोमवारी किती मुली बसमध्ये बसतात ते बघू. पालकांचा विश्वास राहिला नसेल तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही.” बादशाहभाई म्हणाले, “बराबर हाय, बाई.”

ते बसपाशी आले तेव्हा मी पायरीवर बसले होते. शरम वाटत होती, पण चौकसपणा शरमेला काही जुमानत नाही.

“बादशाहभाई, वहीतली रोवेना म्हणजे बारा नंबर?”

मी वही उघडली होती हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागावले नाहीत.

“ती गेल्यावर दोन महिन्यांनी गोष्ट,” ते म्हणाले. “सगळ्याजणी गाडीत चढताना मला म्हनायच्या, गुड मॉर्निंग कूया. मला वाटायचं कूया म्हंजी डायवर. एक दिवस लूझला इचारलं, तुमच्यात डायवरला कूया म्हनत्यात का? ती म्हनली, न्हाय, कूया म्हंजी थोरला भाऊ. ताई, मी त्यांना नंबर म्हनत हुतो आन त्या मला दादा म्हनत हुत्या. ती बी म्हनायची. त्या दिवशी वही आनली. एकेकीला पूर्ण नाव इचारून लिवलं, पाठ केलं. पहिली ओळ तिच्यासाठी ठेवली. पन तिचं आडनाव सांगायला कुनी तयार हुईना. लूझ म्हनली, तू तिचं नाव घेऊ नगो, कूया. तरी मला कूयाच म्हनली.”

“त्यांना माहीत होतं? तुम्ही काय सांगितलंत ते?”

“हे मला पंधरा वर्सात कळलं न्हाय. इचारायची हिंमत झाली न्हाय. मुतखड्याच्या वेळेला ग्लेंडा माझं अंग पुसत हुती. त्या वेळेला वाटलं, हिला माहीत आसंल का? माहीत आसून पुसती, का माहीत न्हाय म्हनून पुसती? दोन्हीतलं कुठलं खरं आसलं तर मला बरं वाटंल, ते बी कळंना.”

“घरी सांगितलंत?”

“घरवालीला, चाँदबीला, आज सांगनार. आता सगळ्या तालुक्याला म्हाईत झाल्यावर.” ते जरा हसले. मग म्हणाले, “आज ती पोरगी त्या पुठ्ठ्याच्या मोटारीतून उतरली ना, ताई, तवा मला वाटलं माझीच जबानी कुनीतरी वाचून दाखवतंय.”

मला त्यांना सांगायचं होतं की रोवेनाला तुमची बायको मी केली. तोंडापर्यंत आलं. मग मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “पोरगा झाला का पोरगी?”

“पोरगा,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

रविवारी मी आधी कुशाबाईंना फोन केला. रोवेना ही कुणाची बायको नाही, आणि ती गोष्ट मी सुरू केली, असं दोनदा सांगितलं. गोष्ट पसरवायला एक वाक्य लागलं होतं. परत घ्यायला अर्धा तास लागला, तरी कुशाबाईंना ते पटलं का नाही कोण जाणे.

सोमवारी सात वाजायच्या आतच मी फाट्यावर. एरवी आमच्या थांब्यावर नऊ पोरी असतात. त्या दिवशी तिघी होत्या. बाकीच्या घरून निघाल्याच नव्हत्या की काही अंतरावर उभ्या राहून बघत होत्या, कळेना. चहाच्या टपरीवर बापे मंडळी गोळा झालेली. बाप्यांना सोमवारी सकाळी काही कामं नसतात की काय देव जाणे. प्रगती आजोबांच्या मागे उभी होती. रामहरीतात्यांनी धुतलेला फेटा बांधला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सात-सहाला बस आली. इंदापूरहून चढणाऱ्या पोरी होत्या, पण निम्म्याच. निमगावच्या थांब्यावर एकटी सिमरन चढते, तिची खिडकीची जागा रिकामी होती. बादशाहभाईंनी दार उघडलं. कुणी पाय उचलेना. सगळे तात्यांकडे बघत होते, कारण तात्यांची नात चढली तर चढायचं, असं न बोलता ठरलेलं दिसत होतं.

तात्या दारापाशी गेले. “बादशाह, खाली उतर.”

बादशाहभाई उतरले.

“शनिवारी बोललास ते ऐकलं. आमच्या पोरीला सगळ्यांपुढं बोललास त्याचा राग न्हाय. ती चुकली, मीबी हसलो, मीबी चुकलो. पन मला एक सांग. मी जन्मभर बैलगाडी हाकली, ट्रॅक्टर हाकला. मागनं कुनी हाक मारत आलं तर हाकनाऱ्याला कळतंय.” ते जवळ सरकले. “ती पोरगी पळत येताना तुला दिसली हुती का?”

हा प्रश्न माझ्यासारख्या भोचक बाईलाही सुचला नव्हता. बादशाहभाईंनी मांडवात एवढं सांगितलं, मला बसपाशी एवढं सांगितलं, पण हे सांगितलं नव्हतं. नाही म्हणाले असते तर कुणाला काही कळलं नसतं. तो रस्ता, ते झाड, तो आरसा, सगळं हजारो मैलांवर, वीस वर्षांपूर्वीचं. आणि नोकरी इथे, आत्ता, या एका शब्दावर. मला मनातून ओरडावंसं वाटलं, नाही म्हणा हो.

“व्हय, तात्या,” ते म्हणाले. “आरशात दिसली. हातात बूट घेऊन पळत हुती. पांढरे मोजे हुते. मी बघितलं आन गिअर टाकला.”

टपरीवरून कुणीतरी ‘श्या’ म्हणालं. एक बाप टपरीमागे उभ्या असलेल्या आपल्या पोरीचा हात धरून चालायला लागला.

तात्या तसेच उभे. “आन उद्या माझ्या नातीबद्दल तुला कुनी इचारलं तर?”

“बघितलं नसंल तर न्हाय म्हनून सांगीन. बघितलं आसंल तर आदी तिला इचारीन, मग सांगायचं का न्हाय ते ती ठरवंल.” मग हळूच म्हणाले, “आन तुमच्या जागी मी आसतो तर मलाबी इचार पडला आसता, तात्या.”

तात्यांनी फेट्याचा शेमला खांद्यावरून मागे टाकला. माणसं विहिरीत उतरायच्या आधी असं करतात. मग नातीकडे वळले. “चढ.”

“आजोबा...”

“चढ म्हनतो ना. ज्यानं मला खोटं सांगायचं सोडून खरं सांगितलं त्याच्या गाडीत न्हाय पाठवायचं तर कुनाच्या पाठवू? ज्यांनी आरशात बघितलंच न्हाय म्हनून सांगितलं आसतं त्यांच्या?” हे शेवटचं ते टपरीकडे बघून म्हणाले.

प्रगती चढली. मग त्या दोघी. मग टपरीच्या मागून, भिंतीच्या आडून, आणखी तिघी निघाल्या. नवातल्या सहा. सात वाजून आठ मिनिटं झाली होती. बादशाहभाई जाग्यावर बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि आरशात बघायला लागले. पहिल्यांदाच बसमधल्या कुणीही घड्याळाकडे बघून उसासा टाकला नाही. उरलेल्या दोन मिनिटांत हजेरी झाली, गैरहजर पोरींचीही पूर्ण नावं घेतली गेली, आणि सात-दहाला बस सुटली.

लासुर्ण्याच्या पुढे प्रगती उठून पुढे आली. “चाचा, मी तिला शोधू का? फेसबुकवर? इन्स्टावर?”

“आडनाव न्हाय, बाळ.”

“रोवेना आणि दम्माम, नर्स, एवढ्यावर...”

“घावली तर काय म्हनशील?”

प्रगती जागेवर गेली नाही, पायरीजवळच्या सीटवर बसून राहिली. बादशाहभाईंनी कप्प्यातली वही काढून तिच्या हातात दिली. बारामती येईपर्यंत तिनं त्या वहीतली सगळी नावं मोठ्यानं वाचली, चुकत चुकत, आणि बादशाहभाई रस्त्यावरची नजर न काढता एकेक नाव दुरुस्त करत होते. फुलीची खूण असलेल्या जोसेफिनच्या नावाला दोघंही थांबले.

महिन्याभरात बहुतेक पोरी परत आल्या. नोकरी राहिली. सिमरन मात्र नाही आली. तिचे वडील निमगावला विड्याच्या पानांचा व्यापार करतात, सरळ माणूस. त्यांनी निरोप पाठवला की माझं भाईंशी वैर नाही, पण मन घेत नाही. मला त्यांचाही राग येत नाही. सिमरन आता एसटीनं येते आणि पहिल्या तासाला रोज उशिरा पोचते.

एक गोष्ट मला अजून बघायची होती. मी चढते अंथुर्ण्याला, निमगाव त्याच्या आधी येतं. तिथे आता कुणीच चढत नाही, तर बस थांबते का? पोरींना विचारलं असतं तर कळलं असतं, पण मला स्वतः बघायचं होतं. म्हणून मी इंदापूरला बहिणीकडे मुक्कामाला गेले आणि सकाळी तिथूनच बसमध्ये बसले. बहीण विचारत होती, काय काम काढलंस? काय सांगणार तिला!

सहा-शेहेचाळीसला बस निमगावच्या थांब्यावर उभी राहिली. थांब्यावर कुणी नव्हतं. पानांच्या करंड्या लादलेला एक टेम्पो तेवढा निघून गेला. बादशाहभाईंनी दार उघडलं.

“सिमरन अय्याज तांबोळी,” त्यांनी नाव घेतलं.

कुणी ‘हजर’ म्हणालं नाही. ते आरशात बघत राहिले. माझ्याच्यानं राहवलं नाही.

“बादशाहभाई, ती एसटीनं गेली असेल आत्तापर्यंत.”

“गेली आसंल,” ते म्हणाले. “पन पळत आली तर?”